यादीबाहेरचं भोक

१

सकाळी नऊला हाडांच्या खोलीचं कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या आणि कामाला बसायचं. पंखा लावायचा नाही, भुकटी उडते. एका कवटीला पाऊण तास. जुना रंग कोमट साबणपाण्यात भिजवून काढायचा, दात घासायच्या ब्रशने खाचा घासायच्या, खिडकीत उन्हाला ठेवायची, वाळली की उलटी करायची. मग तळाच्या प्रत्येक भोकाभोवती बारीक रिंगण काढायचं. शुद्ध रक्ताच्या वाटेला लाल, अशुद्ध रक्ताच्या वाटेला निळं, मज्जातंतूच्या वाटेला पिवळं. शेवटी प्रत्येक भोकातून खराट्याची काडी घालून ती आतल्या बाजूने वर निघते ना, ते बघायचं. कवटीची टोपी करवतीने कापलेलीच असते. टोपी उचलली की आत डोकावता येतं.

कवटी म्हटलं की लोकांना दात विचकलेला चेहरा आठवतो. चेहरा बघायला अक्कल लागत नाही. कवटीचं खरं काय ते तळाशी असतं. मधोमध अंगठा सहज जाईल एवढं मोठं भोक, त्यातून मेंदूचं शेपूट पाठीच्या कण्यात उतरतं. त्याच्या दोन अंगांना गुळगुळीत उंचवटे, ज्यांच्यावर माणसाचं डोकं ‘हो’ म्हणताना डुलतं. कानामागे हाताला लागतात ती टेंगळं. सुईसारखे दोन काटे, त्यातला एक हमखास मोडलेला. आणि या सगळ्याच्या मध्ये विखुरलेली लहान भोकं. प्रत्येक बाजूला अकरा.

ही अकरा माझ्या मामांची. म्हणजे ते आमच्या कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागाचे प्रमुख, आणि तीस वर्षं विद्यार्थी जी यादी पाठ करतात ती त्यांनी केलेली. ‘भोक म्हणायचं नाही, छिद्र म्हणायचं,’ असं ते पहिल्याच तासाला सांगतात. मी भोकच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच कॉलेजात विद्यार्थिनी होते. तोंडी परीक्षेत मामांनी माझ्या हातात कवटी दिली आणि म्हणाले, ‘मोज.’ मी मोजली. डाव्या बाजूला बारा भरली. अंडाकृती मोठं एक असतं, त्याला ओव्हेल म्हणतात, त्याच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढं एक, ते स्पायनोसम. या दोघांच्या मध्ये, जरा आतल्या अंगाला, तिळाएवढं आणखी एक होतं. मी दाखवलं. मामा म्हणाले, ‘यादीत नाही.’ मी म्हटलं, ‘यादीत नसेल, कवटीत आहे.’

नापास.

सहा महिन्यांनी परत बसले. मामांनी तीच कवटी काढली, सतरा नंबरची, आणि म्हणाले, ‘आता दाखव ते तुझं बारावं.’ मी बघितलं. तिथे सपाट हाड होतं. बाजूला बाहेरगावचे दोन परीक्षक बसलेले. त्यातला एक हसला.

कॉलेज सोडलं ते त्या दिवशी. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरीने अभ्यास केला नाही आणि वर थापा मारल्या. आई म्हणायची, ‘मामाने तुझ्यासाठी काय नाही केलं!’ आणि मग मामांनी खरंच काहीतरी केलं. मला हाडं धुण्याची नोकरी दिली. नातेवाईक म्हणाले, मन केवढं मोठं!

मला त्या घरातल्या एकेकाच्या तोंडून फक्त एक वाक्य ऐकायचं होतं: तू बघितलंस ते खरं होतं. बाकी काही नको.

२

सतरा नंबर माझ्या हातात आली ती कामाच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी गिझर जरा जास्त तापला होता. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम. मी कवटी बुडवली आणि दुसऱ्या टबाकडे वळले. परत आले तेव्हा पाण्यावर एक पांढरा कण तरंगत होता. तांदळाच्या कणीएवढा. चिमटीत धरला तर मऊ. मेण.

कवटी उलटी केली. ओव्हेल आणि स्पायनोसमच्या मध्ये, जरा आतल्या अंगाला, तिळाएवढं.

मी त्या खोलीत एकटी होते आणि मी मोठ्याने हसले. भिंतीवरून हसणं परत आलं तेव्हा जरा ओशाळले, पण थांबले नाही. नंतर नेहमीच्या सवयीने काडी उचलली आणि घातली.

तिथलं हाड नखाएवढ्या जाडीचं आहे. काडी घातली की लगेच आतून वर दिसायला हवी. मी टोपी काढून डोकावले. आत काही नव्हतं. काडी आणखी ढकलली. अडली नाही, वाकली नाही, सरळ जात राहिली. वीतभर लांब काडी होती. बाहेर चिमटीत धरलेलं टोक तेवढं उरलं तरी आतली बाजू रिकामी. बोट घालून चाचपलं. कोरडं, स्वच्छ हाड, आणि बोटाखाली ते भोक. बोटाला काडी लागत नव्हती.

काडी बाहेर ओढली. वीतभर. मोडलेली नव्हती.

३

मी बिनडोक नाही, परीक्षेत नापास झाले एवढंच. भुतंखेतं मी लहानपणीच सोडली. म्हणून कारणं शोधत बसले. हाडाच्या पोटात हवेच्या पोकळ्या असतात, काडी तिरकी जाऊन तिथे गुंडाळली असेल. पण खराट्याची काडी गुंडाळत नाही, तुटते. मग पितळेची तार घेतली, हातभर, सरळ केलेली. ती पण गेली. बाहेर धरायला वाकवलेला आकडा तेवढा राहिला. ती गुंडाळली असं धरून चाललं, तर वजन कुठे जाईल? विभागात औषधं मोजायचा काटा आहे. नुसती कवटी सहाशे बारा ग्रॅम. नुसती तार अकरा. तार घातलेली कवटी सहाशे तेरा.

काटा बिघडला असेल म्हणून तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजताना वजन सहाशे दहा झालं आणि परत तेरावर आलं. कुणीतरी खालून जरासं उचलून धरावं आणि सोडावं, तसं.

तार काढून घेतली. ती थंड होती. आणि टोकाजवळ रंगाचं एक बारीक रिंगण होतं, ओलं. राखाडी हिरवट. आमच्या कपाटात लाल, निळा आणि पिवळा आहे. दुसरा रंग त्या खोलीत कधी आलेला नाही.

मी तार कागदात गुंडाळली, कपाटात ठेवली, हात धुतले. मग परत धुतले.

४

विभागात एक जुने कर्मचारी आहेत. तीस वर्षं स्टोव्हवर मेणाची वाटी ठेवून फुटकी हाडं जोडतात, म्हणून त्यांना सगळे मेणकाका म्हणतात. मी तो कण त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘हे काय आहे काका?’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘मेण दिसतंय.’

‘ते मलाही दिसतंय. सतराच्या तळात कुणी भरलं?’

‘तू परीक्षेची पोर ना ती?’ त्यांनी वाटीतलं मेण ढवळलं. ‘मला कुणी सांगितलं नव्हतं गं, की तुझ्यासाठी भरतोय. सरांचं म्हणणं, यादीत नाही ते बुजवा. मुलांचा गोंधळ होतो. मी बुजवत आलो.’

‘फक्त सतरात?’

‘चाळीसच्या चाळीस. आणि आधीच्या फुटल्या त्याही.’

मी खुर्चीत बसले. चाळीस माणसांच्या कवट्यांमध्ये, एकाच जागी, एकाच आकाराचं. त्याला विकृती म्हणत नाहीत. त्याला शरीर म्हणतात.

‘काका, तुम्ही कधी त्यात काडी घातलीत?’

‘एकदा.’ त्यांनी स्टोव्ह बारीक केला. ‘मला साठ पूर्ण व्हायला चार महिने आहेत. मला विचारू नकोस.’

‘बरं. मेण तरी टिकतं का, एवढं सांगा.’

त्यांनी वाटी स्टोव्हवरून उतरवली. मग म्हणाले, ‘नाही टिकत. दर सहा महिन्यांनी भरावं लागतं. उन्हाने वितळलं असतं तर खाली ओघळलं असतं ना? ओघळलेलं नसतं कधी. आख्खा कण असतो, फळीवर पडलेला. आतून ढकलल्यासारखा.’

५

मामांच्या केबिनमध्ये मी चप्पल घालूनच गेले. एरवी दाराशी काढायची पद्धत आहे.

‘बस,’ ते म्हणाले. टेबलावर कण ठेवला तेव्हा त्यांनी तो बघितला नाही, मला बघितलं. ‘मेणाने सांगितलं तर.’

‘मेणकाका कशाला सांगतील? गरम पाण्याने सांगितलं.’

‘हे बघ, असं एखादं जादा छिद्र काही लोकांत असतं. पुस्तकात नोंद आहे.’

‘काही लोकांत? चाळीसात चाळीस! मामा, मी पण मोजायला तुमच्याकडेच शिकले.’

‘इथे सर म्हणायचं.’

‘नापास करताना तुम्ही मामा होता. भाचीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. तुम्हीच सांगितलंत आईला.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याविना माणसं म्हातारी दिसतात, पण मला दया आली नाही.

‘काडी घालून दाखवा,’ मी म्हटलं. ‘एकदाच. माझ्यासमोर.’

‘नाही.’

‘का?’

‘कारण मी घातली आहे. तुझ्याएवढा असताना. आमच्या सरांनी मला विचारलं, काही दिसलं का रे तिथे? मी म्हणालो, नाही सर.’ ते खिडकीकडे बघत बोलत होते. ‘म्हणून मी या खुर्चीत आहे.’

‘आणि मी आहे म्हणाले, म्हणून हाडं धुतेय.’

‘तुझी सगळी हुशारी तोंडात आहे. ऐक. पुढच्या सोमवारी नवीन तुकडीचा तळाचा तास आहे. त्याआधी सगळ्या कवट्या पूर्वीसारख्या व्हायला हव्यात. मेणाचे हात आता थरथरतात, तू भर. मी तुझा प्रवेश परत करून देतो. या वर्षी परीक्षेला बस. पास होशील, शब्द देतो.’

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मी हो म्हणणार होते. मला डॉक्टर व्हायचं होतं. अजूनही आहे. सकाळी त्या वर्गाबाहेरून टबातलं पाणी नेताना मी दाराशी थांबून आतला तास ऐकते.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग रडतेस कशाला? हो म्हण आणि मोकळी हो. एका भोकासाठी आयुष्य वाया घालवतेस?’

‘आई, तुला पण आहे ते. तुझ्या पण डोक्याच्या तळाशी.’

‘माझ्या डोक्यात काय काय आहे ते तू मला सांगू नकोस,’ आई म्हणाली, आणि नकळत तिचा हात कानामागे गेला.

मामांना मी निरोप पाठवला: सोमवारपर्यंत सगळ्या कवट्या तयार होतील. खोटं काही नव्हतं त्यात.

६

चार दिवस मी पाणी तापवलं. एकेक कवटी बुडवायची, कण निघाला की गाळायचा, कवटी पुसून डाव्या फळीवर ठेवायची. उजवीकडे न धुतलेल्या, डावीकडे धुतलेल्या. शनिवारी दुपारपर्यंत बावीस झाल्या होत्या. मी डबा उघडून खिडकीशी बसले. बाहेर टळटळीत ऊन, कॉलेजच्या आवारात कुणीतरी स्कूटर सुरू करायच्या खटपटीत.

टप.

अगदी बारीक आवाज. लाकडावर तांदळाचा दाणा पडावा तसा. पाल असेल. मी जेवत राहिले.

टप. थोड्या वेळाने, टप.

आवाज उजव्या फळीवरून येत होता. मी उठले नाही. घास तोंडात धरून बसले आणि मोजले, कारण मोजणं हा माझा धंदा आहे. स्कूटर सुरू झाली, फाटकाबाहेर गेली, तिचा आवाज विरला, तरी मोजत होते. अठरा झाले आणि थांबलं.

उजव्या फळीवर न धुतलेल्या अठरा कवट्या होत्या. प्रत्येकीच्या खाली एक पांढरा कण.

इथे शहाण्या माणसाने पळून जायचं असतं. मला पण पाय होते. पण खरं सांगते, त्या क्षणी भीतीच्या वरताण एक भलतीच गोष्ट वाटली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने काम केलं होतं. मी कण झाडून गोळा केले आणि म्हटलं, ‘मेहेरबानी. माझे दोन दिवस वाचले.’

खोलीत कुणीच नव्हतं. तरीही मी उत्तराला थोडी जागा सोडली.

७

सोमवारी अकरा वाजता. एकशेवीस विद्यार्थी, चाळीस कवट्या, तिघांत एक. मी ट्रॉली ढकलत कवट्या आणि काड्या वाटल्या. हाडं धुणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. मामा पांढरा कोट घालून खाली उभे, मागे पडद्यावर यादी. एक ते अकरा. त्यांनी पहिल्या ओळीतली कवटी उचलून बघितलीच नाही. भाचीने शब्द पाळला, असं धरून चालले. तीस वर्षं ते यादी बघूनच कवटी शिकवत आलेत, हाड बघून नाही.

‘उलटी धरा. डावी बाजू. बाहेरून दिसणारी छिद्रं मोजा आणि यादीशी ताडून बघा.’

कुजबुज, काड्यांची खसखस. मी भिंतीला टेकून उभी होते.

तिसऱ्या ओळीतून एक मुलगी उठली. लांब वेणी, आवाज किनरा. ‘सर, एक जास्त येतंय.’

‘परत मोज.’

‘तीनदा मोजलं सर. ओव्हेल आणि स्पायनोसमच्या मध्ये.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग ते त्या मुलीकडे वळले आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले, ‘तुझा रोल नंबर काय?’

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. त्या मुलीला पण कळला. तिची मान खाली गेली. ‘माझंच चुकलं असेल सर,’ म्हणत ती बसायला लागली.

‘बसू नकोस!’ मी ओरडले. एकशेवीस माना वळल्या. ‘उभी राहा. तुझं चुकलेलं नाही. काडी घे आणि घाल त्यात. सगळ्यांनी घाला. टोप्या काढा आणि आत बघा.’

‘तू बाहेर जा,’ मामा म्हणाले.

‘हातच्या काकणाला आरसा कशाला, सर? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझं खोटं निघालं तर बाहेरच काय, या गावातून जाते.’

आधी मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अरे!’ म्हणालं. मग दुसरीकडून. मग सगळीकडून. बाकं सरकली, पोरं उभी राहिली, एकमेकांच्या कवट्यांत डोकावली. चाळीस काड्या वीतभर आत आणि चाळीस कवट्या आतून रिकाम्या. कुणी हसत होतं, तसं हसणं मी टबाशी उभी राहून हसले होते. एकजण नुसताच ‘निघत का नाही, निघत का नाही’ म्हणत होता.

मी सतरा नंबर उचलली आणि मामांच्या टेबलावर ठेवली. शेजारी काडी.

‘तोंडाने सांगा,’ मी म्हटलं. ‘आहे की नाही?’

त्यांचा हात काडीकडे गेला नाही. ते वाकले. चाळीस वर्षांनी वाकले. नाक हाडाला टेकेल इतके जवळ. आणि तसेच राहिले, कारण काडी घालायची गरज उरली नव्हती. त्या तिळाएवढ्या भोकातून काहीतरी बाहेर येत होतं. केसापेक्षा जाड, काडीपेक्षा बारीक. ना लाकूड, ना धातू. बोटभर आलं आणि थांबलं. मग त्याने भोकाची कड चाचपली. डावीकडे, उजवीकडे, गोल. घाई नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नवीन हाड हातात आल्यावर चाचपतो, अगदी तसं.

वर्गात एक खुर्ची पडली. कुणी उचलली नाही.

मामांचे ओठ हलले. मग आवाज आला. ‘आहे.’

‘मोठ्याने.’

‘आहे!’ ते ओरडले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हा शब्द चाळीस वर्षं त्यांच्या घशात अडकला होता. ‘तिने बघितलं होतं. तेव्हाही होतं. मी नापास केलं तिला. होतं ते.’

मी वाकले आणि ते बाहेर आलेलं टोक चिमटीत धरलं. थंड होतं. धरताक्षणी स्तब्ध झालं. पलीकडे जे कुणी होतं त्याचा श्वास अडकला असावा, इतकं स्तब्ध. मग एक हलकासा हिसका. मी सोडलं नाही. मी पण एक हिसका दिला.

‘सर,’ लांब वेणीवाली अजून उभीच होती, हातात वही उघडलेली. ‘हे लिहून घ्यायचं का?’

मामांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खिशातून पेन काढून ते पहिल्या बाकावर, विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन बसले. ‘ती सांगेल तसं लिहा.’

‘बारा,’ मी म्हटलं. चिमटीतलं टोक हळूच फिरलं, माझ्या बोटांची पेरं मोजल्यासारखं. मी पकड आणखी घट्ट केली. ‘ओव्हेल आणि स्पायनोसमच्या मध्ये, जरा आतल्या अंगाला. आकार तिळाएवढा. सगळ्यांत असतं. तुमच्यातही. त्याला छिद्र म्हणू नका. भोक लिहा.’

एकशेवीस पेनं चालायला लागली. मामांचं धरून एकशेएकवीस.